बदलते हवामान आणि पक्ष्यांच्या स्थलांतराच्या वेळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवामान बदलल्यामुळे स्थलांतराच्या वेळा नेमक्या कशा बदलल्या आहेत?

उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण पट्ट्यात वसंत ऋतू अलीकडे सरकला आहे, म्हणजे पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागला आहे, आणि त्याबरोबर अनेक पक्ष्यांचे विणीच्या प्रदेशात पोहोचणेही अलीकडे आले आहे. कामील पार्मेसन आणि गॅरी योही यांनी वनस्पती व प्राण्यांच्या अनेक प्रजातींच्या दीर्घकालीन नोंदी एकत्र तपासून २००३ मध्ये निष्कर्ष मांडला, तो असा की वसंतातील घटना दर दशकाला सरासरी २.३ दिवस आधी घडू लागल्या आहेत. पक्ष्यांपुरते पाहिले तर मात्र चित्र एकसारखे नाही. काही प्रजाती बऱ्याच लवकर येऊ लागल्या आहेत, काही जागच्या हललेल्या नाहीत आणि थोड्या उशिराही येऊ लागल्या आहेत. त्यामुळे ‘पक्षी आता लवकर येतात’ हे विधान सरसकट खरे नाही, आणि जिथे ते खरे आहे तिथेही अपुरे आहे. पिल्ले ज्या अन्नावर वाढवायची, ते अन्न किती दिवसांनी अलीकडे आले आहे याच्याशी तुलना केल्याखेरीज पक्षी किती दिवस आधी आला या आकड्यावरून काहीच ठरत नाही.

निघण्याची वेळ झाली हे पक्ष्याला कळते कसे?

मुख्यतः दिवसमानावरून आणि शरीरात जन्मतः असलेल्या वार्षिक लयीवरून. एबरहार्ड ग्विनर या जर्मन शास्त्रज्ञाने वटवट्या कुळातील पक्षी बंदिस्त जागेत, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार अशा न बदलणाऱ्या स्थितीत दीर्घकाळ ठेवले. बाहेर कोणता ऋतू चालू आहे हे कळण्याचा कोणताही मार्ग नसतानाही ते पक्षी ठरावीक काळाने पिसे बदलत, अंगावर चरबी साठवत आणि रात्रीच्या वेळी पिंजऱ्यात अस्वस्थपणे उड्या मारत. स्थलांतराच्या दिवसांत दिसणारी ही अस्वस्थता शास्त्रज्ञ मोजू शकतात, आणि स्थलांतराविषयीचे बरेच प्रयोग त्या मोजणीवरच उभे आहेत. मोकळ्या निसर्गात या आतल्या लयीला दिवसमान दरवर्षी जागेवर आणत राहते.

तापमान, वारा, पाऊस आणि अन्नाची उपलब्धता यांचा क्रम त्यानंतर लागतो. निघण्याचा साधारण पंधरवडा शरीर ठरवते. त्यातली नेमकी रात्र कोणती, वाटेत कुठे किती दिवस थांबायचे आणि पुढचा टप्पा केव्हा उडायचा, हे त्या त्या वेळच्या हवेवर ठरते.

मग अडचण कुठे येते?

दिवसमान पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे ठरते, त्यामुळे हवामान कितीही बदलले तरी एखाद्या ठिकाणचा एप्रिलमधला दिवस जेवढ्या तासांचा होता तेवढ्याच तासांचा राहतो. झाडाची पालवी, अळ्यांचे अंड्यांतून बाहेर पडणे आणि बर्फाचे वितळणे या गोष्टी मात्र प्रामुख्याने तापमानावर चालतात. म्हणजे पक्षी एका घड्याळावर निघतो आणि त्याचे अन्न दुसऱ्या घड्याळावर तयार होते. ही दोन घड्याळे फार मोठ्या काळात एकमेकांशी जुळली होती. आता त्यांतले एक पुढे जाऊ लागले आहे. त्यात पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढणाऱ्या पक्ष्याला उत्तर युरोपातला वसंत यंदा दहा दिवस लवकर आला आहे हे तिथे बसून कळण्याचा काही मार्ग नाही.

जवळचा प्रवास करणारे पक्षी अधिक लवकर जुळवून घेतात, असे म्हणतात. ते खरे आहे का?

बहुतांश नोंदी तसेच सांगतात. दक्षिण युरोपात हिवाळा काढून मध्य व उत्तर युरोपात विणीसाठी जाणाऱ्या पक्ष्याला दोन्ही ठिकाणची हवा साधारण एकाच वेळी उबदार होताना अनुभवता येते. त्यामुळे तो लवकर निघू शकतो. अटलांटिक महासागरावरील वायुदाबाच्या चढउतारांवर वायव्य युरोपचा हिवाळा सौम्य होणार की कडक हे बऱ्याच अंशी अवलंबून असते, आणि सौम्य हिवाळ्यानंतर जर्मनीच्या हेल्गोलँड बेटावरून जाणारे पक्षी लवकर जातात, हे तिथे १९६० पासून पक्षी पकडून नियमितपणे केलेल्या नोंदींतून दिसून आले आहे.

तरीही हा नियम पक्का समजू नये. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्कँडिनेव्हिया आणि इटलीतील काप्री बेट येथील नोंदींवरून सहारापार जाणारे लांब पल्ल्याचे पक्षीही झपाट्याने लवकर येऊ लागल्याचे आढळले होते. या निष्कर्षावर बराच वाद झाला. माझ्या मते त्या वादाचा धडा इतकाच, की ‘लांब पल्ल्याचे’ आणि ‘जवळचे’ अशा दोन रकान्यांत पक्षी बसवणे सोयीचे असले तरी प्रत्येक प्रजातीचा मार्ग, थांबे आणि आहार वेगळा असतो, आणि उत्तर त्या तपशिलात असते.

दहा-बारा दिवसांच्या फरकाने असे काय बिघडते?

याचे सर्वांत चांगले अभ्यासलेले उदाहरण नेदरलँड्समधले आहे. पाइड फ्लायकॅचर हा काळा-पांढरा छोटा पक्षी पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढून युरोपातील जंगलांत विणीसाठी येतो. ओकच्या झाडांना पालवी फुटली की तिच्यावर अळ्यांचा सुकाळ होतो, पण तो काही आठवड्यांचाच असतो, कारण कोवळी पाने जून झाली की अळ्या कोश करून नाहीशा होतात. फ्लायकॅचरची पिल्ले घरट्यात साधारण दोन आठवडे असतात आणि ते दोन आठवडे अळ्यांच्या सुकाळात पडावेत, अशी पूर्वीची जुळणी होती.

क्रिस्तियान बोट आणि मार्सेल विसर यांनी नेदरलँड्समधील होगे वेलुवे या राष्ट्रीय उद्यानातील नोंदी तपासून २००१ मध्ये दाखवले, की सुमारे वीस वर्षांत या पक्ष्यांनी अंडी घालण्याचा काळ अलीकडे आणला होता, परंतु आफ्रिकेतून येऊन पोहोचण्याची तारीख तशीच राहिली होती. आल्यावर जोडीदार शोधणे, घरटे बांधणे आणि अंडी घालणे यांतला अवधी त्यांनी आखडता घेतला; पण तो अवधी शून्याखाली नेता येत नाही. दरम्यान अळ्यांचा सुकाळ त्याहून अधिक वेगाने अलीकडे सरकत राहिला. २००६ मध्ये याच गटाने निरनिराळ्या जंगलांची तुलना केली, तेव्हा जिथे अळ्या सर्वांत लवकर येत होत्या तिथल्या फ्लायकॅचरची संख्या दोन दशकांत सुमारे ९० टक्क्यांनी घटली होती, तर जिथे अळ्यांचा काळ उशिरा होता तिथली घट फार थोडी होती.

उशिरा येण्याची आणखी एक किंमत नंतर उघडकीला आली. ग्रेट टिट हा पक्षी त्याच जंगलात वर्षभर राहतो आणि त्याच ढोलींवर व घरट्यांसाठी माणसांनी टांगलेल्या पेट्यांवर हक्क सांगतो. फ्लायकॅचर उशिरा येऊन ढोली शोधू लागले की त्यांना ताब्यात घेतलेल्या पेट्यांत शिरावे लागते, आणि आतला ग्रेट टिट त्यांना ठार मारू शकतो. जेल्मर साम्प्लोनियस आणि बोट यांच्या २०१९ मधील अभ्यासानुसार काही वर्षी असे मृत्यू लक्षणीय प्रमाणात झाले. वेळ चुकण्याचा प्रश्न केवळ अन्नाचा नसतो, हे यावरून ध्यानात येते.

सर्वच स्थलांतरी पक्ष्यांना हा धोका सारखा आहे का?

नाही. ज्या अधिवासात अन्नाचा सुकाळ थोडके दिवस आणि एकदाच येतो, तिथे धोका मोठा असतो. पाणथळ जागी कीटक बराच काळ मिळत राहतात, त्यामुळे तिथे वीण करणाऱ्या लांब पल्ल्याच्या पक्ष्यांना थोडा उशीर परवडतो. नेदरलँड्समध्ये जंगलातील लांब पल्ल्याच्या स्थलांतरी प्रजाती घटत असताना दलदलीतील तशाच प्रजातींची घट त्या प्रमाणात झाली नाही. वर्षातून दोन-तीन विणी घालणाऱ्या प्रजातींनाही एक वीण फसली तर दुसरीत भरपाई करण्याची मुभा असते.

मग जितके लवकर येता येईल तितके चांगले, असे म्हणावे का?

तसेही नाही. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील रॉकी पर्वतात गॉथिक नावाचे एक जुने संशोधन केंद्र आहे. तिथे अमेरिकन रॉबिन हा पक्षी १९८१ च्या तुलनेत १९९९ मध्ये सुमारे १४ दिवस आधी येऊ लागल्याचे डेव्हिड इनौये आणि सहकाऱ्यांनी नोंदवले. सखल भागात ऊब लवकर आल्यामुळे पक्षी वर निघाले. पण डोंगरावरचे बर्फ वितळण्याची तारीख तशी अलीकडे आलेली नव्हती. परिणामी पक्षी पोहोचल्यापासून जमीन उघडी पडेपर्यंतची प्रतीक्षा १८ दिवसांनी वाढली. ज्या पक्ष्याला उघड्या जमिनीवरच चरायचे असते, त्याच्यासाठी हे अठरा दिवस कठीण असतात.

उत्तर अमेरिकेतील ट्री स्वॅलो या भिंगरीच्या कुळातील पक्ष्याची गोष्टही अशीच आहे. १९५९ ते १९९१ या काळात त्याची अंडी घालण्याची तारीख सुमारे नऊ दिवस अलीकडे आली. सरासरी तापमान वाढले तरी वसंताच्या सुरुवातीला अचानक येणारी थंडीची लाट काही नाहीशी झालेली नाही. थंडीत उडणारे कीटक हवेत येत नाहीत आणि पिल्ले उपाशी मरतात. लवकर वीण सुरू करणाऱ्या पक्ष्यांची पिल्ले अशा लाटेत सापडण्याची शक्यता वाढली आहे. सरासरीला अनुसरावे तर टोकाचे दिवस मारतात आणि टोकाचे दिवस टाळावेत तर सरासरी हातातून निसटते, अशी ही कोंडी आहे.

आर्क्टिक प्रदेशाचा उल्लेख वारंवार का येतो?

कारण तिथे तापमानवाढ जगाच्या सरासरीच्या कितीतरी पट वेगाने होत आहे. १९७९ पासूनच्या मोजमापांवरून ती जवळजवळ चौपट असल्याचा अंदाज आहे. शिवाय तिथला उन्हाळा मुळातच इतका आखूड असतो की चुकलेल्या आठवड्याची भरपाई करायला पुढे दिवसच उरत नाहीत.

बार्नेकल हंस उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर हिवाळा काढून बाल्टिकमार्गे रशियाच्या आर्क्टिक भागात विणीसाठी जातात. बर्फ लवकर वितळते त्या वर्षी हे हंस वाटेतले थांबे गाळून झपाट्याने वर जातात. म्हणजे परिस्थिती ओळखून वेग वाढवण्याची क्षमता त्यांच्यात आहे. परंतु थांबे गाळल्यामुळे ते रिकाम्या पोटी पोहोचतात, अंडी घालण्याइतकी चरबी साठवायला त्यांना तिथे चरत बसावे लागते आणि अंडी फारशी लवकर पडत नाहीत. गवत सर्वांत पौष्टिक असते तो काळ मग पिल्लांच्या हाती लागत नाही. थॉमस लामेरिस आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हे दाखवले, आणि ‘पक्षी वेग वाढवतील’ या आशेची मर्यादा त्यातून स्पष्ट झाली.

रेड नॉट या किनाऱ्यावर चरणाऱ्या पक्ष्याची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. सायबेरियाच्या तैमिर द्वीपकल्पावर जन्मलेली त्याची एक उपप्रजाती मॉरिटानियातील बांक दार्गां येथील चिखलाळ किनाऱ्यावर हिवाळा काढते. उपग्रहचित्रांवरून तैमिरवरचे बर्फ ३३ वर्षांत दरवर्षी सुमारे अर्ध्या दिवसाने लवकर वितळू लागल्याचे दिसते. ही गोळाबेरीज दोन आठवड्यांहून अधिक होते. बर्फ लवकर गेलेल्या वर्षी पिल्ले कीटकांचा सुकाळ ओसरल्यावर वाढतात आणि आकाराने लहान राहतात, त्यांची चोचही आखूड राहते. त्याचा फटका बसतो तो हजारो किलोमीटर दूर आफ्रिकेत. चिखलात खोलवर असलेल्या शिंपल्यांपर्यंत आखूड चोच पोहोचत नाही, मग त्या पक्ष्याला सागरी गवताच्या मुळांवर गुजराण करावी लागते आणि तो जगण्याची शक्यता घटते. यान व्हान गिल्स यांच्या गटाने २०१६ मध्ये हे मांडले. मरण जिथे नोंदले जाते तिथे त्याचे कारण शोधले असते, तर हा धागा कधीच हाती लागला नसता.

एखादा पक्षी स्वतःची सवय बदलतो, की बदल पिढ्यांमधून होतो?

हा प्रश्न या विषयाच्या मुळाशी आहे, आणि दोन्ही प्रकारची उदाहरणे सापडतात.

आइसलँडमध्ये वीण करणारा काळ्या शेपटीचा पाणटिवळा घ्या. रंगीत कडी घातलेल्या पक्ष्यांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवल्यावर जेनी गिल आणि सहकाऱ्यांना २०१४ मध्ये आढळले, की एकूण थवे पूर्वीपेक्षा लवकर येत असले तरी प्रत्येक पक्षी मात्र दरवर्षी स्वतःच्या ठरलेल्या तारखेच्या आसपासच येतो. थव्याची तारीख अलीकडे येते ती नव्याने भरती होणाऱ्या तरुण पक्ष्यांमुळे. उबदार वर्षी अंडी लवकर पडतात, लवकर जन्मलेल्या पिल्लांना वाढायला अधिक दिवस मिळतात आणि मोठेपणी ती लवकर येणारी ठरतात. म्हातारे पक्षी आपली तारीख सोडत नाहीत. ते हळूहळू कमी होतात आणि त्यांच्या जागी लवकर येणारे आलेले असतात.

पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा, जो अलास्का ते न्यूझीलंड हे ११,००० किलोमीटरहून अधिक अंतर न थांबता उडतो, तो मात्र वेगळे सांगतो. न्यूझीलंडहून उत्तरेकडे निघण्याची या पक्ष्यांची तारीख २००८ ते २०२० या काळात सुमारे सहा दिवसांनी अलीकडे आली, आणि हा बदल त्याच त्या पक्ष्यांनी स्वतः केलेला होता.

तिसरा मार्ग आनुवंशिक बदलाचा. ग्विनर यांनी १९८१ मध्ये जर्मनीतील फ्लायकॅचरची पिल्ले बंदिस्त जागेत वाढवून त्यांच्या वार्षिक लयीच्या नोंदी घेतल्या होत्या. २००२ मध्ये त्याच प्रदेशातील पिल्लांवर तोच प्रयोग पुन्हा करण्यात आला. दिवसमान तेच, पिल्लांना दिलेली वागणूक तीच. तरीही नव्या पिढीची वसंतातील लय सुमारे नऊ दिवस आधी सुरू झाली. बाहेर मोकळ्या पक्ष्यांची अंडी घालण्याची तारीख त्याच काळात सुमारे अकरा दिवस अलीकडे आली होती. बार्बरा हेल्म आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला हा प्रयोग मला या क्षेत्रातील सर्वांत देखणा वाटतो, कारण एकवीस वर्षांपूर्वीची कृती कुणीतरी जशीच्या तशी लिहून ठेवली होती म्हणूनच तो शक्य झाला.

पाऊस आणि दुष्काळ यांचा या वेळांशी काय संबंध?

फार जवळचा. चर्चा वसंतातील तापमानावर केंद्रित राहते, पण पक्षी जिथे हिवाळा काढतो आणि वाटेत थांबतो तिथला पाऊस त्याच्या अंगावर चरबी किती चढणार हे ठरवतो. २०११ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या शिंगाच्या प्रदेशात तीव्र दुष्काळ होता. त्या वर्षी लाल पाठीचा खाटीक आणि थ्रश नाइटिंगेल हे पक्षी तिथल्या थांब्यावर अडकून पडले आणि उत्तर युरोपात उशिरा पोहोचले. जमैकात हिवाळा काढणारा अमेरिकन रेडस्टार्ट कोरड्या वर्षी उशिरा निघतो, हे कॉलिन स्टड्स आणि पीटर मारा यांनी दाखवले आहे. त्यामुळे विणीच्या प्रदेशात वसंत लवकर आणि हिवाळी मुक्कामी दुष्काळ अशी जोडी जमली, तर पक्षी दोन्हीकडून ओढला जातो.

परतीच्या प्रवासाचे काय?

तो प्रवास कमी अभ्यासला गेला आहे आणि त्याचे चित्रही विस्कळीत आहे. स्वित्झर्लंडच्या कोल द ब्रेतोले या खिंडीतून शरद ऋतूत जाणाऱ्या ६५ प्रजातींच्या ४२ वर्षांच्या नोंदी लुकास येनी आणि मार्क केरी यांनी तपासल्या. सहारापार जाणाऱ्या प्रजाती पूर्वीपेक्षा लवकर निघू लागल्या होत्या, बहुधा सहाराच्या दक्षिणेला लागून असलेल्या साहेल पट्ट्यातील पावसाळा संपून कोरडेपणा येण्याआधी तो ओलांडता यावा म्हणून. तर जवळच हिवाळा काढणाऱ्या प्रजाती अधिक काळ रेंगाळू लागल्या होत्या.

काही पक्षी स्थलांतर सोडूनच देत आहेत का?

काही प्रमाणात, होय; काहींनी मात्र फक्त मार्ग बदलला आहे. मध्य युरोपातील ब्लॅककॅप या वटवट्याचे काही थवे पूर्वी नैर्ऋत्येकडे जात. गेल्या काही दशकांत त्यांतले बरेच ब्रिटनमध्ये हिवाळा काढू लागले आहेत. पीटर बर्थोल्ड यांनी १९९० च्या दशकारंभी बंदिस्त पक्ष्यांवरील प्रयोगांतून ही नवी दिशा पिल्लांत वारशाने उतरते हे सिद्ध केले. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये अनेक पांढरे करकोचे आता आफ्रिकेत न जाता तिथेच राहतात. मात्र याचे सारे श्रेय हवामानाला देणे चुकीचे ठरेल, कारण ब्लॅककॅपला बागांत माणसांनी ठेवलेले खाद्य मिळते आणि करकोच्यांना कचऱ्याचे डेपो.

या वेळा मोजतात कशा, आणि ‘पहिला पक्षी दिसला’ ही नोंद किती भरवशाची?

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली, आणि त्यांच्या वंशजांनी त्या नोंदी १९५८ पर्यंत चालू ठेवल्या. अशा जुन्या वह्या अमोल आहेत. तथापि पहिल्या दर्शनाच्या तारखेत एक मोठी त्रुटी असते. पक्ष्यांची संख्या वाढली किंवा पाहणाऱ्यांची संख्या वाढली, की एखादा तुरळक पक्षी लवकर दिसण्याची शक्यता आपोआप वाढते. उलट घटणारी प्रजाती उशिरा येऊ लागल्यासारखी भासते. म्हणून अभ्यासक थव्यातील मधला पक्षी कोणत्या तारखेला आला हे शोधतात, आणि त्यासाठी हंगामभर सारख्याच पद्धतीने केलेली मोजणी लागते. अमेरिकेत हवामानखात्याच्या रडारवर रात्री उडणाऱ्या थव्यांचे प्रतिध्वनी उमटतात. २४ वर्षांच्या अशा नोंदींवरून काइल हॉर्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये वसंतातील स्थलांतराचा ऐन भर अलीकडे आल्याचे दाखवले. शरदात तसा स्पष्ट बदल दिसला नाही.

एखाद्या वर्षी पक्षी आठवडाभर आधी किंवा नंतर आले, तर त्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

पक्ष्यांची संख्या घटण्यामागे वेळेची चूक हेच प्रमुख कारण आहे का?

अनेक प्रजातींबाबत ते एक कारण आहे, एकमेव नव्हे. युरोपातील ज्या प्रजातींनी १९९० ते २००० या दशकात येण्याची वेळ अलीकडे आणली नाही त्यांची संख्या घटली, असा आन्देर्स पापे म्युलर आणि सहकाऱ्यांचा २००८ मधील निष्कर्ष आहे. पण अधिवासाचा नाश, कीटकनाशके, शिकार आणि हिवाळी मुक्कामातले दुष्काळ यांचा वाटा मोठा आहे. १९६८–६९ च्या हिवाळ्यात साहेलमधील दुष्काळाने ब्रिटनमधले व्हाइटथ्रोट नावाचे वटवटे एका वर्षात सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी झाले, आणि त्याचा वसंताच्या वेळेशी काहीही संबंध नव्हता.

वेळेची ही चूक माणसाला दुरुस्त करता येते का?

पक्ष्याचे घड्याळ आपल्याला फिरवता येत नाही. नेदरलँड्समधील फ्लायकॅचर माद्या स्वीडनमध्ये नेऊन सोडल्या असता त्यांनी स्थानिक माद्यांपेक्षा लवकर वीण केली आणि त्यांची पिल्लेही अधिक जगली, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. परंतु त्याचा अर्थ लवकरची लय घेऊन पक्षी स्वतःच उत्तरेकडे सरकू शकतात असा आहे, पक्षी पेट्यांत भरून हलवावेत असा नाही. आपल्या हातात आहे ते वाटेतले अन्न. भरपूर खायला मिळाले तर उशिरा निघालेला पक्षीही थांब्यावरचे काही दिवस वाचवू शकतो. अमेरिकेच्या डेलावेअर उपसागरावर दक्षिण अमेरिकेहून येणारे रेड नॉट नालखेकड्यांच्या अंड्यांवर ताव मारून मगच आर्क्टिककडे झेपावतात, आणि हे खेकडे अंडी घालायला किनाऱ्यावर केव्हा येणार हे पाण्याच्या तापमानावर व वादळांवर अवलंबून असते. खेकडे विपुल असले तर त्यांचा हंगाम थोडा पुढेमागे झाला तरी वाळूत अंडी मिळत राहतात. ते मोजकेच असले तर नाही. न्यू जर्सी राज्याने २००८ मध्ये या खेकड्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, ती याच पक्ष्यासाठी.